शातो लातूर: १९९५ घ्यावी की १९९६?

शातो लातूर ही फ्रान्सची महागडी रेड वाईन. मळा एकच, फरक फक्त द्राक्षं काढल्याच्या वर्षाचा, आणि किंमत अशी की बहुतेकांना एकच बाटली परवडते. जेवणासोबत उघडून त्याच संध्याकाळी संपवायची असेल तर १९९५ घ्या. तीन-चार तास थोडी थोडी चाखत तिच्यातले बदल पाहायचे असतील, किंवा अजून दहा वर्षं ठेवायची असेल, तर १९९६. आमचा कल १९९६ कडे आहे.

नाव वाचून मराठवाडा आठवेल, पण फ्रेंचमध्ये ‘ला तूर’ म्हणजे मनोरा; ‘शातो’ म्हणजे इथे वाईन बनवणारा मळा. बोर्दो प्रांतातल्या पोइयाक गावचा हा मळा तिथल्या वाईनच्या १८५५ च्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीत होता. जिरोंद नदीमुखाच्या काठाजवळ खडी, तिच्याखाली चिकणमाती. द्राक्षं मुख्यतः काबेर्ने सोव्हिन्यों, जोडीला मेर्लो. १९९५ चा उन्हाळा कडक आणि कोरडा गेला. सप्टेंबरात पाऊस आला, तरी मेर्लो चांगली साधली. १९९६ च्या सप्टेंबरात ऊन होतं, रात्री थंड आणि वारा कोरडा. त्यामुळे उशिरा पिकणारी काबेर्ने पूर्ण पिकली आणि तिचा आंबटपणाही टिकला.

पेल्यात हे लगेच कळतं. १९९५ मध्यावर भरीव लागते, ओली माती आणि तंबाखूच्या पानाचा वास येतो. शेवटी मात्र तुरटपणा थोडा कोरडा, सुपारी चघळल्यासारखा राहतो. कोकराच्या भाजलेल्या मांसासोबत तो निवळतो, म्हणूनच ती जेवणाची वाईन. १९९६ आधी मिटलेली वाटते. तासाभराने ब्लॅककरंट, देवदार, नुकतं टोक काढलेल्या पेन्सिलीचा वास उलगडतो, आणि घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळते.

बाटली दोन दिवस आधी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसतो. विमानाने आणली असेल तर आधी दोन-तीन आठवडे विसावू द्या. जुनं बूच साध्या स्क्रूने मध्येच तुटतं. दोन पातींचा ओपनर वापरा. मानेखाली टॉर्च धरून, एका संथ धारेत दुसऱ्या भांड्यात निथळून घ्या आणि मानेत गाळ दिसताच थांबा. तळाचे ४०-५० मिली सोडावेच लागतात. उरलेल्या सुमारे ७०० मिलीत सहा जणांना दोनदा साधारण ५५-६० मिली मिळते. आठाहून जास्त माणसं बोलावू नका. १९९५ तासभर आधी निथळा, १९९६ दोन-तीन तास. तापमान १६ ते १८ अंश ठेवा. आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीत मद्यार्क नाकात शिरतो आणि सुगंध हरवतो.

ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर दोष बुचाचा आहे; कितीही वेळ ठेवली तरी तो जात नाही. रंग पार तपकिरी आणि वास शिळ्या सफरचंदाचा असेल तर आत हवा गेली आहे. कडेला विटकरी छटा मात्र या वयात हवीच. म्हणून विकत घेताना वर्षाइतकीच पातळी पाहा: वाईन मानेत किंवा मानेच्या बुडाशी असावी. बाटलीच्या खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

शातोने २०१२ पासून पिंपातली वाईन आगाऊ विकणं बंद केलं आणि जुनी वर्षं तळघरातून पुन्हा बाजारात आणते. तशी बाटली महाग पडते, पण ती कुठे, कशी राहिली याची काळजी उरत नाही. तेवढं बजेट नसेल तर याच मळ्याची दुसरी वाईन, ‘ले फोर द लातूर’ १९९६, शोधा.