मूडलवरील प्रोग्रॅमिंगच्या चाचण्या: कोडरनर आणि इतर प्रश्नप्रकार

प्रथम वर्षाला सी आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा शिकवताना गेली चार सत्रे मी चाचण्या मूडल या ऑनलाइन शिक्षण प्रणालीवर घेत आहे. या मोफत आणि मुक्तस्रोत प्रणालीत बहुपर्यायी, आउटपुट विचारणारे, ओळींचा क्रम लावायला सांगणारे आणि कोडरनर हे प्लगइन बसवल्यास प्रत्यक्ष प्रोग्रॅम लिहून घेणारे असे चारही प्रकारचे प्रश्न देता येतात.

बहुपर्यायी प्रश्न तपासण्याचे कष्ट अजिबात नसतात, पण त्यांतून मिळालेल्या गुणांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. सी मधील इनपुट घेणाऱ्या 'स्कॅनएफ'मध्ये चलाच्या नावाआधी काय लागते, या प्रश्नाला '&' हा पर्याय बिनचूक निवडणारी मुले त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला तेच चिन्ह विसरतात आणि प्रोग्रॅम का कोसळला म्हणून विचारायला येतात. त्यापेक्षा आउटपुट लिहायला सांगणारा लघुत्तरी प्रश्न कितीतरी सरस आहे, कारण ५ / २ चे उत्तर सी मध्ये २ आणि पायथनमध्ये २.५ का येते, हे समजल्याशिवाय तो सुटत नाही.

विस्कटलेल्या ओळी जुळवण्याचा प्रकार न्यूझीलंडमधील डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडला. कोऱ्या पडद्यासमोर गोठून बसणाऱ्या नवशिक्या मुलांसाठी तो मला फार मोलाचा वाटतो. मूडलच्या 'ऑर्डरिंग' प्रश्नात मात्र शिक्षकाने दिलेला एकच क्रम बरोबर धरला जातो; 'बेरीज = ०' आणि 'आय = १' या दोन ओळी कोणत्याही क्रमाने चालत असल्या तरी एका क्रमाचे गुण जातात, म्हणून अशा ओळी मी आता एकाच तुकड्यात जोडून देतो.

कोडरनर न्यूझीलंडच्याच कँटरबरी विद्यापीठात रिचर्ड लॉब यांनी विकसित केले. विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम 'जोब' नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर चालवला जातो आणि प्रत्येक टेस्ट केसचे, म्हणजे प्रोग्रॅम तपासण्यासाठी दिलेल्या प्रत्येक नमुना इनपुटचे, अपेक्षित व मिळालेले आउटपुट तक्त्यात शेजारी शेजारी दिसते. रिकामी यादी दिल्यावर आपले फंक्शन अडखळले हे त्या लाल ओळीत दिसताच मुले स्वतःच कोडकडे वळतात. माझ्या लाल शाईने हे कधी साधले नव्हते. काही टेस्ट केस लपवता येतात आणि चुकीच्या प्रत्येक प्रयत्नाला किती गुण कापायचे हेही ठरवता येते, त्यामुळे अंदाजपंचे 'चेक' दाबत राहण्याला आळा बसतो.

मात्र मूळ सेटिंगमध्ये सगळ्या टेस्ट केस उत्तीर्ण झाल्या तरच गुण मिळतात आणि आउटपुटमधील एका स्वल्पविरामाचा फरकही चूक ठरतो. पहिल्या चाचणीत तर्क अचूक असूनही अनेकांना शून्य मिळाले, तेव्हा मी प्रत्येक टेस्ट केसला स्वतंत्र गुण दिले आणि छापण्याऐवजी फंक्शनने उत्तर परत करावे, असे प्रश्न बदलून घेतले. असा एक चांगला प्रश्न तयार करायला मला अजूनही तासभर लागतो आणि जोबसाठी लिनक्सचे वेगळे यंत्र सांभाळावे लागते. तरीही सत्राअखेरीच्या परीक्षेसाठी मी कोडरनरच निवडतो आणि पहिल्या महिन्याच्या सरावाला ओळी जुळवण्याचे प्रश्न देतो.