ट्रकच्या पाट्याची सुरी : नऊ महिन्यांनंतर

गेल्या खंडेनवमीला पूजेत मांडली तेव्हा घरातल्या सगळ्या हत्यारांत हीच उठून दिसत होती. शिसमाची मूठ, पितळेचे तीन रिवेट, पात्यावर मुद्दाम तसेच ठेवलेले हातोड्याचे ठोके, पाठीवर कानशीनं कोरलेली वेल. सोबत चपलेच्याच कातड्याचं म्यान. कोल्हापूरजवळच्या एका लोहाराकडून सांगून करून घेतली, म्यानासकट २,८०० रुपये. पातं ट्रकच्या जुन्या पाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचं, २० सेंटिमीटर. तेव्हापासून रोजची भाजी आणि रविवारचं मटण हिच्यावरच चाललंय.

पहिले तीन महिने मी स्वतःचीच समजूत घालत होतो. धार अशी, की हातावरचे केस निघायचे. पण गाजर घेतलं की निम्म्यात गेल्यावर कडाकन फुटायचं आणि एक तुकडा ओट्याखाली. बटाट्यात तर सुरी रुतून बसायची. दोष धारेचा नव्हताच. मुठीजवळ पाठ ५ मिलिमीटर जाड आणि ती जाडी धारेच्या अगदी जवळपर्यंत आलेली. सुरुवात धार करते, पण पुढं सगळं पातं भाजीतून जायचं असतं. ते जाड असलं की पाचर ठोकल्यासारखं होतं. वजन भरलं ३४५ ग्रॅम. आईनं एकदा हातात घेतली, “ही सुरी हाय का कुऱ्हाड?” म्हणाली आणि मोरळी (विळी) ओढून बसली.

जानेवारीत सुरी घेऊन परत लोहाराकडं गेलो. जाडी का ठेवली, तर ठोक्यांसाठी. पातं वरपर्यंत घासलं की ठोके पुसले जातात. “दादा, शोभा जाईल बघा,” तो म्हणाला. जाऊ दे म्हटलं. “मग दुकानातलीच घ्यायची की!” मला ते लागलं, कारण त्याचंही काही चुकत नव्हतं. ठोके बघूनच तर मी ऑर्डर दिली होती.

घासताना तासभर शेजारी उभा होतो. दोन-तीन फेऱ्या झाल्या की पातं पाण्याच्या बादलीत, पुन्हा घासायच्या पट्ट्यावर, पुन्हा बादलीत. पोलाद लाल करून तेलात विझवलं की काचेसारखं कडक होतं, म्हणून साधारण २०० अंशांवर पुन्हा शेकून त्यात चिवटपणा आणतात. घासताना ते त्याहून बरंच तापलं की दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. आमच्या बोलण्याच्या नादात टोकाकडं बोटाच्या पेराएवढा निळा डाग आलाच. डाग त्यानं घासून काढला, पण निळं पडलेलं पोलाद मऊ ते मऊच. आजही बाकीची धार तीन आठवडे टिकते आणि टोक आठवड्यात बोथट होतं. लसूण सोलायला टोकच लागतं, त्यामुळं दर वेळी आठवण होते.

बाकी सुरी मात्र बदलली. पाठ ३ मिलिमीटर, वजन २७०. गाजर आवाज न करता कापलं जातं, कोथिंबीर चिरडून काळी पडत नाही. हाडाला लावत नाही, ते काम खाटकाच्या सत्तूराचं. ठोक्यांची आता पाठीलगत बोटभर पट्टी उरलीय. ठोक्यांमुळं चकत्या पात्याला चिकटत नाहीत म्हणतात, पण माझ्या सुरीवर चकती तिथवर पोचतच नाही. म्हणजे ती पट्टी आता नुसती बघायला. असू दे.

पाठीवरची वेल मात्र मनातून उतरली. मटणाची चरबी त्या खाचांत बसते, ब्रशशिवाय निघत नाही, आणि तर्जनी टेकते नेमकी तिथंच. बोटाला घट्टा पडल्यावर पॉलिश पेपरनं कडा मारून टाकल्या. मुठीचं चकचकीत पॉलिशही तुपकट हातात सटकायचं. तेही खरवडून दोन हात जवसाचं तेल दिलं. आता मूठ मळकी दिसते, पण हातात बसते.

गंज? हे स्टेनलेस नाही. सुरुवातीला कांदा करडा पडायचा, लिंबाला लोखंडाची चव यायची. महिनाभरात पात्यावर निळसर-राखाडी थर धरला आणि ते थांबलं. खरा घोटाळा म्यानानं केला. जुलैत पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली, घरात भिंतीसुद्धा ओल्या, आणि मी सुरी चार दिवस म्यानात ठेवून गावाला गेलो. आल्यावर बघतो तर दोन्ही बाजूंना तांबडे ठिपके. कातडं ओल धरून ठेवतं, हे पावसाळ्यात चपला घालणाऱ्या माणसाला तरी कळायला हवं होतं. म्यान आता खिळ्याला रिकामं टांगलंय. येणारा-जाणारा आधी त्यालाच हात लावतो.

धाकट्या भावासाठी दुसरी सांगून आलोय. पाठ ३ मिलिमीटर, वेल नको, म्यान नको, मुठीला नुसतं तेल. लोहारानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ठोके तरी ठेवू का थोडं?” ठेवा म्हटलं.