अनावर खाल्ल्यानंतर: दुसऱ्या दिवशी कडक उपास की वेळेवर पेज?

गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परतले, घरात डबाभर करंज्या उरल्या. रात्री सगळे निजल्यावर त्या उभ्याउभ्याच संपवल्या. पोट भरलं तरी हात थांबेना आणि मागाहून स्वतःचीच किळस आली. सणासुदीला कधीतरी असं झालं तर घाबरायचं कारण नाही. पण आठवड्यातून निदान एकदा, असं तीन महिने चाललं असेल, तर तो अनावर खाण्याचा आजार (इंग्रजीत ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’) असू शकतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. हावरटपणा म्हणून त्याची बोळवण करू नका.

दुसऱ्या दिवशी उपासच सुचतो. तो सोपाही वाटतो, कारण आपल्याकडे सोमवार, संकष्टी म्हटलं की घरात कुणी काही विचारत नाही आणि प्रायश्चित्त घेतल्याचं समाधानही मिळतं. पण संध्याकाळपर्यंत पोटात आग पडते, भात बंद, फणस बंद असं घोकलेलं मन त्याच्याच मागे धावतं आणि रात्री पुन्हा तेच. श्रद्धेचा उपास मी वाईट म्हणत नाही, पण हा त्रास आहे तोवर तोही बाजूला ठेवावा.

वेळेवर जेवणं त्याहून अवघड. सकाळी पेज किंवा घावणे, दुपारी भात-आमटी, जमल्यास मासे, चारच्या चहाबरोबर काहीतरी, रात्री जेवण. मधलं अंतर साधारण तीन-चार तासांचं. आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळची पेज चुकवायची नाही. इथेच वजनाच्या भीतीने बहुतेकांचा धीर सुटतो. वजन उतरेलच असं नाही, पण भुकेने पिसाळून खाणं कमी होऊ लागतं. कधी, काय खाल्लं, तेव्हा मनात काय होतं हे वहीत लिहावं. आंबा बंद करू नये; जेवणाबरोबर ताटात घेऊन, बसून खावा.

मी निःशंकपणे हा दुसरा, वेळेवर जेवण्याचा मार्ग सांगेन, तोही कुणाच्या तरी मदतीने. गावात बोभाटा नको असेल तर १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी मदत क्रमांक, टेलिमानस, आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. समोर बसून बोलायचं तर रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला बिचकू नका. खाल्लेलं ओकून काढत असाल, जुलाब व्हावेत म्हणून गोळ्या घेत असाल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर वहीबिही राहू दे, लगेच डॉक्टर गाठा.