हात उलले, ओठ फुटले: निफाडच्या थंडीत काय लावावं?

डिसेंबरात निफाडचा पारा ५ अंशांच्या खाली उतरला की पेपरात द्राक्षबागांमधल्या शेकोट्यांचे फोटो येतात. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी रात्र रात्र जागतात. त्याच थंडीत आमच्या हातांनाही तडे जातात, फक्त त्यांची बातमी होत नाही. मी शाळेत शिकवते. दिवसभर हातात खडू, संध्याकाळी भांड्यांचा साबण, आणि कोरडा वारा आहेच. गेल्या तीन हिवाळ्यांत हाताला नि ओठाला जे जे लावून पाहिलं, त्याचा हा हिशेब. स्टाफरूममध्ये दर जानेवारीत कुणीतरी विचारतंच, "बाई, तुम्ही काय लावता?"

आधी हातांचं.

सगळ्यात स्वस्त पेट्रोलियम जेली, म्हणजे आपल्या बोलण्यातली व्हॅसलीन. पेनसिल्व्हेनियातल्या तेलविहिरींच्या दांड्यांवर मेणासारखा गाळ साचायचा आणि कामगार तो भाजल्या-कापल्यावर चोळायचे. रॉबर्ट चेसब्रो या रसायनतज्ज्ञाने तो शुद्ध केला आणि १८७२ साली पेटंट घेतलं. ही जेली त्वचेला पाणी देत नाही. आहे ते उडू देत नाही, एवढंच तिचं काम, आणि त्यात तिचा हात धरणारं दुसरं काही मला सापडलं नाही. मी दोन वर्षं ती चुकीची लावत होते. कोरड्या ठणठणीत हातांवर थापायची आणि सकाळी हात तसेच खरखरीत. रिकाम्या डब्याला झाकण लावून काय उपयोग? हात धुतल्यावर नुसते टिपून, किंचित ओले असतानाच वाटाण्याएवढी जेली चोळली तेव्हा कुठे फरक कळला. तोटा उघड आहे: तुपकटपणा. वह्या तपासायच्या असतील तर विसरा, प्रत्येक पानावर ठसा उमटतो. मोबाइलचंही तेच. त्यामुळे ती रात्रीची, जुने सुती मोजे हातात घालून. हे ध्यान पाहून घरातले हसतात, हसू देत.

बोरोलीनची गोष्ट वेगळी. हिरवी ट्यूब, तिच्यावर हत्ती. कोलकात्याच्या गौरमोहन दत्तांनी १९२९ साली सुरू केलेली. आत बोरिक अ‍ॅसिड, झिंक ऑक्साइड आणि लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. म्हणजे तिचा मूळ पिंड अँटिसेप्टिक मलमाचा, आपण तिला क्रीम करून टाकलं. बोटाच्या पेराला चीर पडून रक्त दिसायला लागतं, खडू धरला की ठणकतं, तेव्हा त्या चिरेपुरती बोरोलीन मला सगळ्यांत बरी वाटते. झिंकमुळे ती जागेवर पांढरी बसून राहते. पण दोन्ही हातांना रोज चोळायला ती जड पडते. वास आवडणाऱ्याला आवडतो. माझ्यासाठी तो आजोळच्या कपाटाचा वास आहे, त्यामुळे माझं मत निष्पक्ष धरू नका. बोरिक अ‍ॅसिड असलेलं काहीही तान्ह्या बाळाला किंवा मोठ्या उघड्या जखमेवर मात्र लावू नये.

निळ्या डबीतलं निव्हिया १९११चं, जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं. लॅटिन भाषेतल्या बर्फाच्या शब्दावरून हे नाव आलं. तेल आणि पाणी एकजीव धरून ठेवणारा घटक लोकरीच्या चरबीतून मिळाला, म्हणून हे क्रीम शक्य झालं. जेलीपेक्षा हे सुसह्य, कारण यात मुळात पाणी आहे. थंडीत डबीत घट्ट होतं, बोटाने खरवडून तळहातावर जरा चोळलं की सैल पडतं. जेली नको, पण पातळ लोशनने भागत नाही, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हा मधला मार्ग.

दिवसा, कामाच्या मधे लावायला मात्र ग्लिसरीनचं क्रीम हवं. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं, लवकर मुरतं, हात पुन्हा वहीला लावता येतो. अमेरिकेतून आलेल्या मावसबहिणीने न्यूट्रोजिनाच्या नॉर्वेजियन फॉर्म्युल्याची ट्यूब दिली होती. त्यात ग्लिसरीन इतकं की हरभऱ्याएवढं दोन्ही हातांना पुरतं. जास्त घेतलं तर हात चिकचिकतात. आपल्याकडच्या औषधाच्या दुकानातलं कोणतंही साधं ग्लिसरीनचं हँडक्रीम जवळपास तेच काम करतं. घटकांच्या यादीत पाण्यानंतर दुसरं-तिसरं नाव ग्लिसरीनचं आहे का, तेवढं बघा. शेवटच्या ओळीत असेल तर ते नावापुरतं.

आईची पद्धत आणखी स्वस्त: औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन आणि गुलाबपाणी निम्मं निम्मं, काचेच्या बाटलीत, लावण्याआधी हलवून. खरंच चालतं. निव्वळ ग्लिसरीन मात्र कोरड्या हवेत तसंच फासू नये. बाहेर ओलावा नसला की ते त्वचेतलंच पाणी वर ओढतं आणि हात आणखी ताणल्यासारखे होतात. मुंबईच्या दमट हवेत हा प्रश्न फारसा येत नाही. माझी दादरची जाऊ म्हणूनच म्हणते, "तुमचं निफाडकरांचं कौतुकच जास्त."

युरियाचं क्रीम हे खरं तर औषधाच्या वळणाचं. १० टक्क्यांच्या आसपास युरिया असेल तर ते पाणी धरतं, प्रमाण वाढलं की जाड कातडी सोलून काढायला लागतं. तळहाताच्या घट्ट्यांवर आणि टाचांवर मला त्याचा सर्वांत लवकर गुण आला. पण ताज्या चिरेवर लावाल तर असं झोंबतं की डोळ्यांत पाणी येतं. आधी चीर भरू द्यावी, मग युरिया. ओठांना तर मुळीच नको.

भेट म्हणून मिळालेलं लॉक्सितान कंपनीचं शिया बटरचं, म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांतल्या चरबीचं, क्रीमही वापरलं. २० टक्के शिया, सुरेख पोत, आणि किंमत अशी की लावताना हात आखडतो. स्वतःच्या पैशाने मी ते घेणार नाही, पण कुणी देत असेल तर नाही म्हणणार नाही.

शियाची गोष्ट निघाली की मला आमचं मुठेल आठवतं. सिंधुदुर्गात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळतात. वर आलेलं तेल गोळा करतात आणि निवत आलं की मुठीत दाबून त्याचे गोळे वळतात. म्हणून मुठेल. बाजारात कोकम बटर म्हणून मिळतं ते हेच. यात निम्म्याहून जास्त स्टिअरिक आम्ल असल्यामुळे ते शियापेक्षा बरंच टणक असतं. थंडीत नखाने ओरखडा निघणंही कठीण. म्हणून हाताला रोज चोळायची ही वस्तू नव्हे. चमच्यात वितळवायचं आणि कोमट असताना टाचेच्या भेगांत भरायचं, ही जुनी रीत बिनतोड आहे. हातांसाठी मी ते थोड्या खोबरेल तेलात वितळवून डबीत ओतते, म्हणजे बोटाला येण्याइतकं मऊ राहतं. त्याला ना सुगंध, ना चकाकी. आमच्या शेजारच्या कॉलेजच्या मुलीने एकदा लावून बघितलं आणि हळूच परत ठेवलं.

आता ओठ.

ओठांची कातडी पातळ, वर तिला स्वतःचं तेल सोडणाऱ्या ग्रंथी जवळजवळ नाहीतच. त्यात आपण जीभ फिरवतो. माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं वाऱ्यावर कसं वाळतं ते आठवा. थुंकी तशीच उडून जाते आणि ओठ आधीपेक्षा कोरडा पडतो, मग पुन्हा जीभ. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या ओठांभोवती जानेवारीत तांबडं कडं दिसतं, ते यानेच. त्यामुळे ओठांचं काहीही निवडताना माझी पहिली अट ही, की त्याला चव नको. स्ट्रॉबेरी, चॉकलेट, व्हॅनिला म्हणजे चाटायला आमंत्रण.

दुसरी अट: थंडगार वाटणारं नको. पुदिन्याचा अर्क, मेंथॉल, कापूर घातलेले बाम लावताक्षणी छान वाटतात. एक असा बाम मी पंधरा दिवस इमानाने वापरला. दर तासाला लावावासा वाटायचा आणि ओठांची साल काही थांबेना. बंद केला, नुसती जेली लावली, आठवड्यात ओठ जागेवर आले. फुटलेल्या ओठांना मेंथॉल चुरचुरतं, आणि त्या चुरचुरीलाच आपण गुण आला असं समजतो.

मग राहतं काय? साधी पांढरी जेली: स्वस्त, बिनचवीची, पण चहाच्या एका कपात निम्मी जाते. मेणाची कांडी: मधमाश्यांचं मेण असलेली जास्त टिकते, बोट घालावं लागत नाही, खडूच्या हातांनी तर हाच मोठा फायदा, मात्र कडक थंडीत ती ओठांवर ओढली जाते, आणि चिरलेल्या ओठांवर ते दुखतं. हिमालया कंपनीचा छोट्या ट्यूबमधला बाम मऊ आहे, सहज पसरतो, नवख्या माणसाने तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

आणि लॅनोलिन. बहिणीच्या बाळंतपणात डॉक्टरांनी स्तनांच्या चिरांसाठी शुद्ध लॅनोलिनची ट्यूब लिहून दिली होती. बाळ मोठं झालं, अर्धी ट्यूब उरली, ती माझ्याकडे आली. मेंढीच्या लोकरीतली ही चरबी स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट पाणी धरते आणि वरून झाकतेही. रात्री पातळ थर दिला की सकाळी ओठांवर पोपडा नाही. मी वापरलेल्या सगळ्यांत ओठांसाठी माझा पहिला नंबर हिचाच. चिकट आहे, मधासारखी तार सुटते, म्हणून दिवसा नको. काहींना लॅनोलिनची अ‍ॅलर्जी असते, तेव्हा आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. शाकाहाराच्या कारणाने नको असेल तर मुठेल आहेच.

उन्हात काम असेल तर एसपीएफ असलेला बाम वेगळा घ्यावा. फेब्रुवारीत थंडी ओसरते पण ऊन चढतं, आणि खालचा ओठ ते सगळं झेलतो. बागेत दिवसभर काम करणाऱ्या बायकांना हे सांगितलं की त्या पदर ओठांवरून ओढून घेतात. तोही उपाय चांगलाच.

बेंबीत तेल घातलं की ओठ मऊ होतात, हे आजी सांगायची. मी घातलं. बेंबी मऊ झाली.

पैसे मोजूनच द्यायचे असतील तर दोनच गोष्टी घ्या: दिवसासाठी ग्लिसरीनचं हँडक्रीम आणि रात्री हात-ओठ दोन्हींसाठी पांढरी जेली. हाताला कायमच्या चिरा पडत असतील तर बोरोलीनची लहान ट्यूब जोडीला. घट्टे आणि टाचा असतील तर युरिया. तीन-चार आठवडे नेमाने लावूनही हात लालच राहत असतील, खाजत असतील, पाण्याचे फोड येत असतील, तर तो कोरडेपणा नव्हे, इसब असू शकतं; मग त्वचेच्या डॉक्टरकडे जावं. ओठांचे कोपरेच चिरत असतील तरीही.

माझा मुठेलाचा गोळा लिंबाएवढा उरलाय. कुडाळच्या मावशीला फोन करून ठेवलाय. रातांबे मे महिन्याशिवाय पिकत नाहीत, तोवर टाचांना युरियावरच भागवायचं आहे.