भट्टी पास, बाकीचा संच नापास

एकोणतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिला मार्क द्यायची खोड काही गेलेली नाही. निवृत्त झाल्यावर स्वतःलाच भेट म्हणून इनॅमलची पेंडंट करायचा संच मागवला. चार महिने झाले, साठेक चकत्या भाजून झाल्या, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. हाच संच निरनिराळी लेबलं लावून विकला जातो, म्हणून नावात शिरत नाही. खोक्यात काय येतं ते सांगते, ओळख पटेल: टेबलावर मावणारी विजेची भट्टी, रंगांच्या आठ बाटल्या, 25 मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या दहा चकत्या, बारीक चाळणी, तीन टोकांची स्टीलची तिवई, लांब दांड्याचा काटा, कड्यांची पुडी आणि चार पानी माहितीपत्रक.

एक खुलासा आधीच करते. ‘इनॅमल’ म्हणून हल्ली रंगीत रेझिन ओतलेली पेंडंटंही खपवतात. हे ते नव्हे. ही खरी काच असते, दळून बारीक केलेली. मीनाकामात वापरतात तीच. तांब्यावर ती चाळायची आणि 750 ते 850 अंश सेल्सियसच्या भट्टीत दोन-तीन मिनिटं ठेवायची, की वितळून धातूला घट्ट धरते. तांबं वितळतं 1085 अंशांना, म्हणून चकती शाबूत राहते. पितळेवर मात्र हा खेळ करू नका, त्यातलं जस्त घोळ घालतं.

भट्टी चांगली आहे, अगदी मनापासून. पंचवीस मिनिटांत आकडा आठशेवर जातो. दार उघडलं की साठ-सत्तर अंश उतरतो, पण मिनिटभरात पुन्हा चढतो, आणि या कामात खरी गरज त्याचीच असते. तक्रारी दोन. पहिली, दार उघडल्यावर तारेतला प्रवाह आपोआप बंद होत नाही. हातात लोखंडी काटा, आत उघड्या तारा! मी दर वेळी आधी बटण बंद करते, मगच दार उघडते. दुसरी तक्रार आकड्याची.

पत्रकात लिहिलं होतं, 800 अंश, दोन मिनिटं. तसं केलं तर चकतीवर रवाळ, साखर सांडल्यासारखा थर. पुन्हा घातली, तर संत्र्याच्या सालीसारखी. म्हणजे काच वितळायला लागली होती, पण पुरती पसरली नव्हती. मला संशय आला की पडद्यावरचा आकडा थापा मारतोय. तपासायला घरातलं साधं मीठ घेतलं. शुद्ध मीठ 801 अंशांना वितळतं. चिमूटभर मीठ खलात बारीक केलं (खडे तसेच टाकले तर तडतडून उडतात), मातीच्या खापरीवर ठेवलं आणि चकती जिथे ठेवते तिथेच सरकवलं. पडदा 800 दाखवत होता, मीठ ढिम्म. 820, तसंच. 840 ला कडा ओलसर चमकल्या आणि बघता बघता पाण्यासारखा थेंब झाला. म्हणजे उष्णता मोजणारी तार मागच्या भिंतीला, तिथलं तापमान चाळीसेक अंशांनी जास्त. हा प्रयोग एकदाच करा, मिठाची वाफ भट्टीच्या तारांना चांगली नाही. तेव्हापासून मी 840 लावते आणि आकड्यापेक्षा चकतीकडे बघते: आधी रवाळ, मग सालीसारखी, मग एकदम आरशासारखी. आरसा दिसला की बाहेर. भट्टीला दहापैकी आठ.

चकत्यांना तीनच. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड आहेत. पहिलं पेंडंट निळं, सुरेख झालं. भाचीला फोटो पाठवला, ती म्हणाली, “मावशी, हे माझं!” दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत असताना टेबलावरून ‘टक्’ असा आवाज आला. जाऊन बघते तर कडेची काच नखाएवढी उडालेली. कारण सरळ आहे. थंड होताना तांबं काचेपेक्षा जास्त आकसतं, काच एकाच बाजूला असली की पातळ चकती वाकते आणि काच सुटते. उपाय, मागच्या बाजूलाही काचेचा थर द्यायचा, म्हणजे दोन्हीकडून ओढ सारखी. शिवाय चकती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकली की तांबं मऊ पडतं. मग लाकडाच्या खळग्यात ठोकून तिला किंचित फुगीर करायची, फुगीर चकती कमी वाकते. पत्रकात यातलं अक्षर नाही. आता मी एक मिलिमीटरचा पत्रा आणून स्वतः कापते. मागच्या थरावर तिवईच्या तीन टोकांचे ठिपके उमटतात, ते पाण्याखाली घासायच्या दगडाने घासून, एकदा झटपट भाजून घेते.

रंगांबद्दल काय सांगू. बाटल्यांवर नुसते नंबर. कुठला अपारदर्शक, कुठला पारदर्शक, हे भाजून बघा! तीन पारदर्शक निघाले. पारदर्शक रंग थेट तांब्यावर टाकला की बहुतेक वेळा काळपट, मळकट होतो. त्याखाली आधी रंगहीन काचेचा थर लागतो, तो संचातच नाही. वेगळी बाटली मागवली. शिवाय पारदर्शक पूड पाण्याने धुवावी लागते. बाटलीत पाणी घालून ढवळायचं, जड कण बसू द्यायचे, वरचं गढूळ पाणी ओतून टाकायचं, पुन्हा पाणी. चार-पाच वेळा केल्यावर पाणी नितळ राहतं. न धुतलेला आणि धुतलेला हिरवा मी शेजारी शेजारी भाजला. पहिला दूध सांडल्यासारखा धुरकट, दुसऱ्यातून खाली तांब्यावरचे पॉलिश पेपरचे ओरखडेसुद्धा दिसत होते.

लाल रंगाने मात्र जीव घाबरवला. बाहेर काढला तर काळाकुट्ट. वाटलं, जळाला. खुळ्यासारखी बघत बसले, आणि निवता निवता कडेकडून तो लाल होत आत आला. तापलेला असताना लाल काळा दिसतोच, घाईने निकाल लावू नये. काळे ठिपके दिसले तर ते वेगळं. चकतीच्या उघड्या कडांवर तांब्याचा काळा ऑक्साइड धरतो, त्याची खपली उडून शेजारच्या रंगात पडते. मी दर भाजणीनंतर कोमट सायट्रिक आम्लात बुडवून ब्रशने घासते, आणि शेजारी दुसरी चकती ठेवत नाही.

भोक आधीच पाडून घ्या. काच बसल्यावर ड्रिल लावाल तर फुटेल. पूड भोकात शिरते, ती भाजण्याआधी सुईने काढायची, नाहीतर भोक काचेने बुजतं. भाचीच्या दुसऱ्या पेंडंटला मी कडी घातली आणि आठवड्यात भोकापाशी टवका उडाला. कडी तिथे सतत घासते. आता भोकाभोवती मिलिमीटरभर तांबं उघडं ठेवते. संचातल्या कड्या इतक्या मऊ की साखळीच्या ओढीने उघडतात, त्या फेकून दिल्या. नव्या कड्या दोन पकडींनी बाजूला फिरवून उघडायच्या, समोरासमोर ताणून नव्हे, नाहीतर गोलाई जाते आणि तोंड पुन्हा जुळत नाही.

मास्क म्हणून एक कापडी पट्टी आली होती. काचेची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही, एन95 घ्या, पंखा बंद ठेवा, ओल्या फडक्याने टेबल पुसा. रंगांत शिसं आहे की नाही हे बाटलीवर लिहिलेलं नाही. विचारलं तर उत्तर म्हणून तेच माहितीपत्रक पुन्हा पाठवलं. मी ते आठही रंग बाजूला ठेवून शिसेविरहित असं स्पष्ट छापलेले घेतले.

नुसती भट्टी सुटी मिळत असेल तर तीच घ्या. माहितीपत्रकाला शून्य द्यायचं मनात होतं, पण शेवटच्या पानावर एक सूचना ठळक टाइपात आहे आणि ती शंभर टक्के बरोबर आहे, म्हणून अर्धा मार्क दिला: ‘पेंडंट थंड झाल्यावरच गळ्यात घालावे.’