नऊ महिने ब्लेंडर आणि घरचा रेझिन प्रिंटर: हाताने काढलेलं यामातो खरं वाटेल असं बनवताना

जुलैमध्ये रेझिन प्रिंटर (पातळ रेझिन उजेडाने थरथर कडक करून वस्तू बनवणारा) घेतला, आता एप्रिल चालू आहे. ब्लेंडर, म्हणजे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर, रोज रात्री दीड-दोन तास आणि प्रिंटर जवळपास प्रत्येक शनिवार-रविवार असा वापर झालाय, म्हणून आता लिहितोय. दोन दिवस वापरून लिहिलेले रिव्ह्यू मला स्वतःला घेताना काहीच उपयोगी पडले नव्हते.

माझं काम एकच होतं. स्पेस बॅटलशिप यामातो ही 1974 ची जपानी टीव्ही मालिका, त्यातलं जहाज 1:1000 मध्ये, म्हणजे हजारपट लहान, बनवायचं. खरं यामातो दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ जहाज, 263 मीटर लांब, 7 एप्रिल 1945 ला बुडालं, आणि मालिकेत त्याच्याच अवशेषातून अंतराळयान उभं राहतं. बंदाई या जपानी खेळणी कंपनीचं 1:1000 चं किट मिळतं पण ते 2199 या नव्या मालिकेच्या डिझाइनवरचं, आणि किट म्हणून ते सुंदरच आहे. मला मात्र जुनंच पाहिजे होतं, सेलवर (ॲनिमेशनच्या पारदर्शक शीटवर) हाताने रंगवलेलं, पुढून बघितलं की सगळं अंगावर येणारं. ते लहानपणापासून डोक्यात बसलंय.

आता खरी अडचण. कार्टूनमधलं जहाज दर शॉटला बदलतं. पुढून, खालून दाखवायचं असेल तेव्हा नाकावरच्या वेव्ह मोशन गनचं, म्हणजे जहाजाच्या मुख्य तोफेचं, तोंड एखाद्या गुहेएवढं मोठं काढलेलं असतं, आणि बाजूने बघाल तर तेच जहाज सडपातळ, तोंड कुठल्या कुठे आत. मी पहिले सहा आठवडे प्रत्येक अँगलला जुळेल असं मॉडेल करायच्या नादात घालवले, एक बाजू जुळवली की दुसरी बिघडायची, मग ती जुळवायची, पुन्हा पहिली बिघडायची. आमच्या शेजारचे काका पिंपरीच्या एका टूलरूममधून रिटायर झालेत, त्यांना एकदा सगळे स्क्रीनशॉट दाखवले. त्यांनी चष्मा पुसून नीट बघितलं आणि म्हणाले, "अरे, याचा सेक्शन कुठाय? बाहेरची रेघ आहे नुसती. सेक्शन नसेल तर जॉब कसा करणार तू?"

नऊ महिन्यांत मला मिळालेली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. चित्रात फक्त आउटलाइन असते. जहाज मधोमध कापलं तर पोट गोल दिसेल की चपटं, कुठे वळेल, हे कोणीच काढून ठेवलेलं नसतं, ते आपल्याला ठरवावं लागतं. ब्लेंडर ते ठरवून देत नाही, कुठलंच सॉफ्टवेअर देणार नाही. पण एक खूण सापडली मला. सेल ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा दोनच टोन असतात, उजेडाचा एक आणि सावलीचा एक, आणि त्या दोघांमधली कड जिथून जाते तिथे पृष्ठभाग वळतोय असं चित्रकाराच्या मनात होतं. मी पंधरा-वीस फ्रेममधून ती कड ट्रेस केली, बाजूचं चित्र हेच प्रमाण असं ठरवून टाकलं, बाकीच्या शॉटमधून फक्त वळण घेतलं. त्यानंतर तीन आठवड्यांत हल, म्हणजे जहाजाचं मुख्य धड, तयार झाला! काकांना स्क्रीनवर गोल फिरवून दाखवला तर म्हणाले, आता जॉब दिसतोय.

ब्लेंडरबद्दल सांगायचं तर फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. मिरर मॉडिफायर लावला की अर्धंच जहाज करायचं, दुसरी बाजू आपोआप होते. कडा बोथट करणारा बेव्हल मॉडिफायर मात्र डोळे झाकून वापरू नका, कारण हवी तशी धार कुठे ठेवायची हा निर्णय प्रत्येक कडेला वेगळा असतो, सगळीकडे सारखा बेव्हल दिला की साबणाची वडी दिसते. बूलियनला (एका आकारातून दुसरा कापायला किंवा जोडायला) मेश, म्हणजे मॉडेलची जाळी, स्वच्छ लागतो. थ्रीडी प्रिंट टूलबॉक्स हे ॲड-ऑन पहिल्या दिवशीच चालू करा, उघड्या कडा आणि पातळ भिंती तिथेच कळतात, प्रिंट फुकट जात नाही. शॉर्टकट हाताला बसायला महिना जातो, तेवढा द्यायची तयारी ठेवा.

मापाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांची मॉडेल खेळण्यासारखी दिसायला लागतात. जुन्या यामातोची लांबी 265.8 मीटर धरलेली आहे, म्हणजे 1:1000 ला साधारण 26.6 सेंटिमीटर. आतले हॉल, ब्रिज (जहाज चालवायची खोली), विमानांची जागा हे सगळं तेवढ्यात मावत नाही, नव्या मालिकेत जहाज 333 मीटरचं केलंय ते उगाच नाही. आता या मापात 0.3 मिलिमीटरची खाच काढली तर ती खऱ्या जहाजावर 30 सेंटिमीटर रुंद भेग होते, एक फूट, माणूस पाय अडकून पडेल! मी सुरुवातीला हलभर अशा पॅनल लाइन (प्लेटांच्या जोडाच्या खाचा) काढल्या होत्या, सगळ्या पुसल्या. आता फक्त 0.1 मिलिमीटरच्या काही, त्याही जिथे दोन भाग खरंच जोडले जातील तिथेच, बाकी प्लेटांचा फरक रंगाने दाखवला, एकाच राखाडीच्या तीन छटा, त्यात थोडा पांढरा मिसळून. लांबून काही दिसत नाही, जवळ गेलं की लोखंड वाटतं. ट्यूबमधला राखाडी तसाच मारला होता तेव्हा मॉडेल काळपट आणि लहान वाटत होतं.

तोफांच्या नळ्या प्रिंट करू नका. मोठ्या तीन टरेटच्या (फिरत्या तोफघरांच्या) नऊ नळ्या मी चार वेळा प्रिंट केल्या, क्युअर झाल्या, म्हणजे यूव्ही उजेडात कडक झाल्या, की वाकतात. शेवटी मेडिकलमधून 20 गेजच्या इंजेक्शनच्या सुया आणल्या, बाहेरून 0.9 मिलिमीटर, आतून पोकळ, टोक घासून सपाट केलं. प्रकाश पडला की नळीचं भोक दिसतं, ते बघून मला इतका आनंद झाला की रात्री साडेबाराला आईला उठवून दाखवलं.

प्रिंटर एका छोट्या कंपनीचा आहे, नाव लिहीत नाही, कारण या साइजच्या सगळ्यांना लागू पडेल असंच सांगतोय. ज्या प्लेटवर प्रिंट तयार होते ती लहान, त्यामुळे हल तीन तुकड्यांत. लेयर (एकेक थर) 0.05 मिलिमीटर ठेवला. तुकडे तिरपे ठेवूनच प्रिंट करा, आडवे ठेवले तर पोटावर पायऱ्या येतात आणि त्या घासताना आकार जातो. डिसेंबरमध्ये सलग चार प्रिंट फेल गेल्या, मी प्रिंटरची स्क्रीन खराब झाली म्हणून धास्तावलो होतो, पण कारण थंडी होतं, रेझिन घट्ट झालं होतं. बाटली कोमट पाण्यात ठेवून, खोली गरम करून मग प्रिंट लावायला लागलो, प्रश्न संपला. पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि प्रिंट धुवायच्या आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) वास घरभर होतो, म्हणून मी सगळं बाल्कनीत हलवलं. ग्लोव्हज न घालता हात लावू नका, आणि प्रिंट धुऊन उरलेलं आयपीए मोरीत ओतू नका, कृपा करून.

एक मोठं नुकसान झालं ते सांगतो. मधला तुकडा पोकळ केला होता आणि आतलं रेझिन बाहेर यायला भोक (ड्रेन होल) एकच ठेवलं होतं. आत न सुकलेलं रेझिन राहिलं. प्रायमर (रंगाआधीचा अस्तर) मारला, रंग झाला, कपाटावर ठेवला, आणि वीसेक दिवसांनी सकाळी बघतो तर लाल पोटाला केसासारखी चीर आणि तिच्यातून चिकट थेंब आलेला. पूर्ण तुकडा पुन्हा केला. आता दोन भोकं ठेवतो, समोरासमोर, आत सिरिंजने आयपीए मारतो आणि बारीक यूव्ही एलईडी आत घालून क्युअर करतो. तेव्हापासून एकही फुटला नाही.

विकत घ्यावं का? घरात मोकळ्या हवेची जागा असेल तर घ्या. नसेल तर ब्लेंडरवर काम करा आणि प्रिंट बाहेरून करून घ्या, मजा तीच आहे.

माझा फक्त तिसरा ब्रिज बाकी आहे, तो जहाजाच्या पोटाखाली लटकतो आणि स्टँडची दांडी बरोबर तिथेच येत होती. गेल्या रविवारी दांडी 4 सेंटिमीटर मागे घेतली, पितळी पिन टाकली, तोल बघितला. उभं राहतंय. या शनिवारी ब्रिज चिकटवणार.