करवंदापासून फणसापर्यंत: गोडो की युनिटी?

गोडो आणि युनिटी ही व्हिडिओ गेम बनवायची सॉफ्टवेअर, म्हणजे 'गेम इंजिनं'. असं इंजिन पारखायचं तर एखादा छोटा, जमलेला खेळ पुन्हा बांधून बघावा. आम्ही बेळगावात 'सुईका गेम' निवडला. २०२१ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या 'स्विच' या गेम कन्सोलवर आलेला हा खेळ: दोन सारखी फळं भिडली की त्यांचं पुढचं, मोठं फळ होतं. आमच्या खेळात खानापूरच्या रानातली करवंदं, मग जांभूळ, आंबा आणि शेवटी फणस!

खरी परीक्षा टकरीची. गोडोत 'कॉन्टॅक्ट मॉनिटर' (स्पर्शावर लक्ष ठेवणारी सोय) आधी चालू करावा लागतो आणि किती स्पर्श कळवायचे तेही सांगावं लागतं. मुळात तो आकडा शून्य असतो, म्हणून फळं आपटतात पण सिग्नल, म्हणजे टक्कर झाल्याची खबर, आपल्या कोडपर्यंत येत नाही. युनिटीत टकरीचं फंक्शन लिहिलं की काम सुरू. मात्र दोन्ही इंजिनांत टक्कर दोन्ही फळांना कळते. 'हे फळ विलीन झालं' अशी खूण ठेवली नाही, तर एका जोडीतून दोन आंबे निघतात.

भौतिकीची गणितं गोडो सेकंदाला ६० वेळा करतो, युनिटी ५० वेळा. दोन्ही आकडे बदलता येतात.

युनिटी डाउनलोडला जड. गोडो मुक्तस्रोत (ओपन सोर्स), हलका, इन्स्टॉल न करताच चालतो. निपाणीच्या मित्राच्या जुन्या लॅपटॉपवरही तो लगेच उघडला. माझी निवड गोडोच.